गळणारे केस आणि चुकणारा हिशेब

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून विचित्र बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा खेड्यांतल्या लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि दोन-तीन दिवसांत नुसता हात फिरवला तरी पुंजका हातात यायचा. त्यात बायका होत्या, पुरुष होते, शाळकरी पोरे होती, सत्तरीचे म्हातारेही होते. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे बारसे उरकून टाकले. मुले कॉलेजला जायची बंद झाली, ठरत आलेली लग्ने अडली.

पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. हा खारपाणपट्टा, तपासलेल्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार भरपूर निघाले. मग बुरशीचे नाव आले, शांपूचे आले. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके नमुने घेऊन गेली. दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारामुळे ज्यांचे नाव जगभर गेले ते, या गावांत पोहोचले आणि त्यांनी रक्त, लघवी, केस यांच्याबरोबर घरातला गहूही तपासायला पाठवला. त्यांचा निष्कर्ष असा, की रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण भलतेच जास्त होते, आणि तेच १८ गावांतल्या २७९ लोकांच्या डोक्यावर उतरले. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असते, हे मृदाशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि सेलेनियम अति झाले की केस आणि नखे जातात, हे वैद्यकाला. शेगावातल्या काही रुग्णांची पुढे नखेही गळाल्याच्या बातम्या आल्या.

या सगळ्या गोंधळात खरी खूण पहिल्या दिवसापासून समोर होती: तीन दिवस. केस इतक्या झपाट्याने जातात ते बहुधा विषामुळे, किंवा कर्करोगाच्या केमोथेरपीसारख्या, वाढणाऱ्या पेशीलाच मारणाऱ्या औषधामुळे. एरवी केसांचा कारभार संथ असतो. केसगळतीबद्दलचे निम्मे गैरसमज, आणि त्यावर चालणारा बराचसा धंदा, हा संथपणा लक्षात न घेतल्यामुळे आहे, असे माझे मत आहे.

तो कारभार असा. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतला प्रत्येक दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे जाण्याच्या रांगेत. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा हिशेबातला खर्च आहे. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाईच्या न्हाणीघराच्या जाळीवर सहा दिवसांचा साठा एकदम दिसतो आणि ती घाबरते. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट गेला’ म्हणून आणखी घाबरते. तो ठिपका म्हणजे विश्रांती घेऊन गळालेल्या केसाचे टोक. मूळ डोक्यातच असते.

शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे डेंगी, टायफॉइड, मोठे ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मृत्यू, किंवा लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवण्याचा हट्ट, तर एरवी आळीपाळीने विश्रांतीला जाणारे केस एकदमच जातात. आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी. गणपतीत डेंगी झाला तर दिवाळीत उशीवर केस. तोवर ताप विसरलेला असतो आणि आठवतो तो नुकताच बदललेला शांपू, नव्या फ्लॅटमधले टँकरचे पाणी किंवा होस्टेलची बोअरवेल. २०२०-२१ नंतर कोविडमधून उठलेल्या असंख्य लोकांनी हा अनुभव घेतला. बाळंतिणीच्या बाबतीत तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस जाणे इतके नेमाचे आहे, की त्याला आजार म्हणणेच जड जाते. गरोदरपणात थांबून राहिलेले केस ते. अंगावर पाजल्यामुळे गेले, असे घरातल्या बायका सांगतात ते खरे नाही.

जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधूनच तुटतात. त्याने टक्कल पडत नाही. हेल्मेटने पडत नाही, टोपीने पडत नाही, आणि जावळ काढल्याने दाट केस येत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांवर मोजमाप करून दाखवले, की वस्तऱ्याचा वाढीवर काही परिणाम होत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून बोटाला जाड लागते, इतकेच.

तापानंतरची ही गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. आता बाजाराच्या बाजूने पाहा. माणूस तिसऱ्या महिन्यात घाबरतो, चौथ्यात माका-जास्वंदीचे तेल आणतो, सहाव्यात केस गळायचे थांबतात. तेलाला श्रेय मिळते, शेजारणीला शिफारस जाते. तेल बनवणारा खोटे बोलतोच असे नाही. त्याच्याकडे समाधानी गिऱ्हाइके खरोखरच असतात. तेलाने डोके शांत वाटते, केस मऊ राहतात, तुटणे कमी होते, हे सगळे खरे आहे. पण केस उगवल्याचे श्रेय त्याला देता येत नाही.

याच वळणावर रक्ततपासण्यांचे पॅकेज येते. त्यांतल्या काही तपासण्या रास्त आहेत: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, थायरॉइड, मासिक पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसच्या (बीजकोशांच्या विकाराच्या) दृष्टीने हार्मोन्स. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे, की ती केसांसाठी नाही तरी शोधायलाच हवी. बायोटिनचे मात्र कोडेच आहे. नेहमीचे जेवण जेवणाऱ्या माणसात त्याची कमतरता क्वचित सापडते आणि कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला चांगला पुरावा नाही. तरी औषधाच्या दुकानात दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या वाण्याकडच्या गोळ्या-बिस्किटांसारख्या खपतात. त्याचा एक तोटा फारच थोड्यांना माहीत असतो: भरपूर बायोटिन घेतलेल्या माणसाच्या रक्ततपासण्या चुकू शकतात, थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनच्याही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आणि केसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टणावरचे बारीक अक्षर वाचले तर त्यात बहुधा सेलेनियमही असते. २००८ मध्ये अमेरिकेत एका पौष्टिक द्रवात चुकून ठरल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम पडले होते आणि ते पिणाऱ्या दोनशे जणांना विषबाधा झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे केस गेले. अ जीवनसत्त्वही अति झाले की केस गळतात.

ताप नाही, बाळंतपण नाही, आणि केस मुठीने न जाता वर्षागणिक विरळ होत चालले आहेत, पुरुषाचे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि माथ्यावरून, बाईचा भांग रुंद होत: हा निराळा प्रकार. इथे केस गळतो त्यापेक्षा बारीक होत जातो. दर फेरीला आधीपेक्षा आखूड, आधीपेक्षा नाजूक, शेवटी नुसती लव. यामागचा हार्मोनचा धागा १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने पकडला. वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांच्यापैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की ते पडू लागते. म्हणजे हार्मोनही हवा आणि वारसाही हवा. दुसरा धागा १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातून आला. तिथे काही मुले जन्मतः मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांच्या गटाने दाखवले, की त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या हार्मोनमध्ये रूपांतर करणारे एक एन्झाइम कमी होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि त्यांना टक्कल पडले नाही. हेच एन्झाइम अडवणारे फिनास्टेराइड हे औषध या निरीक्षणाच्या पाठोपाठ जन्मले.

‘आईच्या वडिलांना टक्कल, म्हणजे तुला पडणार’ हे वाक्य अर्धे खरे आहे. टक्कलाशी घट्ट संबंध असलेले एक जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे. पण इतर कितीतरी जनुके दोन्हीकडून येतात. फक्त आजोबांचा फोटो पाहून भविष्य सांगता येत नाही.

या प्रकारावर चालणारी औषधे मोजकी आहेत. त्यांतले मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी, अमेरिकेत १९७९ मध्ये मान्य झालेली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढू लागले, तेव्हा कंपनीने तिचे लोशन केले. १९८८ मध्ये पुरुषांच्या टक्कलासाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे बायकांसाठीही. हे लोशन केसांना नव्हे, टाळूला लावायचे असते. तेलासारखे केसांवर चोपडले तर पैसे वाया. ते लावायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देत आधीच बाहेर पडतात. नेमके याच वेळी लोक बाटली फेकून देतात आणि ‘मला सूट झाले नाही’ असे सांगत फिरतात. चार ते सहा महिने थांबल्याशिवाय काही कळत नाही, आणि थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. सुरू करण्याआधी हे सांगणारा डॉक्टर निम्मा उपचार करून टाकतो. अलीकडे याच औषधाची अगदी कमी मात्रेची गोळी केसांसाठी दिली जाते. ती मूळची रक्तदाबाचीच असल्याने हृदयाचा त्रास असणाऱ्याने मनाने घेऊ नये. पायावर सूज, धडधड, चेहऱ्यावर लव हे तिचे नेहमीचे त्रास. घरात मांजर असेल तर लोशन लावलेले डोके आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा. मांजरांना ते विषारी आहे.

फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये पुरुषांच्या टक्कलासाठी मान्य झाली. बहुतेकांचे केस ती थांबवते, काहींचे परत आणते. पण तिच्याबद्दल जो प्रश्न दवाखान्यात दार लोटून घेतल्यावर विचारला जातो, तो लैंगिक परिणामांचा. मान्यतेच्या वेळच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी असा त्रास सांगितला, नुसती नकली गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांनी. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो. काही जण मात्र तो नंतरही राहिल्याचे सांगतात, आणि त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणे बरे नाही. युरोपियन औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. नैराश्याचा इतिहास असलेल्या मुलाने तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळी सुरू झाल्यावर मन उदास झाले तर ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. आणखी दोन गोष्टी: चाळिशी-पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, कारण तिने तो आकडा जवळजवळ निम्मा होतो, आणि रक्तदान करताना सांगावे, कारण ते रक्त गरोदर बाईला जाऊ शकते व पोटातल्या मुलग्याच्या वाढीला औषधाने धोका असतो. त्याच कारणाने गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

चाई पडणे हे वेगळेच प्रकरण आहे. दाढीत किंवा डोक्यात रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा, रात्रीत दिसणारा. किडा चावला, झुरळाने कुरतडले, असे सांगत लोक त्यावर लसूण घासतात, कांद्याचा रस लावतात, कातडी भाजेपर्यंत. हा किडा नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर उलटते. पुष्कळदा लहान चट्टा वर्षभरात आपणहून भरतो, आधी पांढऱ्या केसांनी. कांद्याच्या रसाचा जो दाखला सगळीकडे दिला जातो, तो इराकमध्ये २००२ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासाचा आहे. तो चाईवरचा होता, टक्कलावरचा नव्हेच. त्यावरून कांद्याचे शांपू वंशपरंपरागत टक्कलाला विकणे हा चलाखपणा आहे. चट्ट्यात स्टेरॉइडचे बारीक इंजेक्शन हा जुना आणि चांगला उपाय. सगळे डोके, भुवया, पापण्या जाणाऱ्यांसाठी मात्र २०२२ पर्यंत हातात फारसे काही नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत बॅरिसिटिनिब ही या आजारासाठी मान्य झालेली पहिली गोळी आली, त्यामागून आणखी दोन. ती महाग आहे, संसर्गाचा धोका वाढवते आणि थांबवल्यावर आजार बहुधा परततो. तरी भुवया परत आलेल्या मुलीला या तक्रारी सांगून पाहा.

ज्यात घाई करायलाच हवी असे प्रकार थोडे आहेत आणि नेमके त्यांतच लोक उशीर करतात. टाळूला आग, खपल्या, दुखणे आणि जिथून केस गेले तिथली कातडी चकचकीत, छिद्रे नसलेली: तिथे मूळच जळत असते आणि गेलेले मूळ कोणत्याही औषधाने परत येत नाही. घट्ट अंबाडा, ओढून घातलेल्या वेण्या, वर्षानुवर्षे बांधलेले जड गंगावन यांनी कपाळाकडची रेघ मागे जाते. लवकर सैल केले तर केस येतात, उशिरा केले तर नाही. लहान मुलाच्या डोक्यात तुटक्या केसांचा, कोंडा असलेला चट्टा दिसला तर तो बहुधा बुरशीचा. त्याला पोटात घ्यायचे औषध लागते, नुसत्या मलमाने तो बरा होत नाही.

मग राहतो तो क्लिनिकचा झगमगाट. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचणे, काहींना थोडा उपयोग करते. पण ती कशी बनवायची, किती वेळा द्यायची, यावर एकमत नाही, आणि ती सहसा मिनॉक्सिडिलबरोबरच दिली जात असल्याने श्रेय कुणाचे हे कळत नाही. पॅकेज सहा महिन्यांचे असते. तापानंतरची गळती तेवढ्यात विनामूल्य थांबते, हे आधी आलेच. एक्सोसोमच्या (पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या) इंजेक्शनांपासून तूर्त लांब राहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे एकही उत्पादन मान्य केलेले नाही.

आपला कायदा, गंमत म्हणजे, कडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, ज्या रोगांवर बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशांची यादी आहे. त्यात एड्स, अंधत्व यांच्या पंक्तीला टक्कल बसले आहे. तरी लोकलच्या डब्यात आणि मोबाइलवर काय दिसते ते सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला टक्कल घालवण्याच्या शिबिरात डोक्याला काहीतरी लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांना डोळे सुजून रुग्णालय गाठावे लागले.

केशरोपण मात्र थोतांड नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले, की डोक्याच्या मागचा केस माथ्यावर लावला तरी तो मागच्याच स्वभावाने जगतो, गळत नाही. सगळे तंत्र यावर उभे आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे: केस नवे तयार होत नाहीत, एका जागचे दुसरीकडे जातात, आणि डोक्यामागचा साठा काही हजारांतच संपतो. बावीस वर्षांच्या मुलाला कपाळावर दाट रेघ बसवून दिली आणि त्या रेघेमागचे केस नंतर गळतच राहिले, तर चाळिशीत पुढे बेट आणि मध्ये तळे असे डोके उरते. म्हणून चांगला सर्जन तरुण मुलाला आधी वर्षभर औषध घ्यायला सांगतो. पहिल्या भेटीतच तारीख देणाऱ्याबद्दल शंका घ्यावी. लावलेले केसही पहिल्या महिन्यात गळतात, खरा परिणाम वर्षाने दिसतो.

आणि ही शस्त्रक्रिया आहे. मुंबईत २०१९ मध्ये केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. कानपूरमधल्या दोन अभियंत्यांच्या मृत्यूचे प्रकरण २०२५ मध्ये उजेडात आले, आणि दंतवैद्यकाची पदवी असलेल्या क्लिनिकचालकावर गुन्हा नोंदला गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच बजावले होते, की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचे आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. अशी गोष्ट एका वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावी लागली, यातच सगळे आले. इस्तंबूलचे विमान पकडणाऱ्यांनाही विचारायचा प्रश्न तोच: चीर डॉक्टर स्वतः देणार की तंत्रज्ञ, आणि रक्तदाब कोसळला तर सांभाळणारा खोलीत कोण असेल?

काहीच न करणे हाही उपचारातला एक पर्याय आहे. वंशपरंपरेचे टक्कल शरीराला इजा करत नाही. उन्हात टोपी घातली की झाले. पुरुषाला हे म्हणणे सोपे, बाईला आपला समाज तेवढे सोपे ठेवत नाही, म्हणून चांगला विग घेणाऱ्या बाईला हसण्यासारखे काही नाही.

तज्ज्ञाकडे जाणार असाल तर मागच्या आठ महिन्यांतली आजारपणे, बाळंतपण, ऑपरेशन, उतरलेले वजन, सुरू किंवा बंद केलेली औषधे तारखांसह लिहून न्या. पाच वर्षांपूर्वीचा एक साधा फोटो न्या, खात असलेल्या सगळ्या गोळ्यांची वेष्टणे न्या. आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. तेलकट टाळूवर डर्मोस्कोप या भिंगातून नीट काही दिसत नाही.